विश्लेषण : रिपोर्ट ‘नॉर्मल’, दुखणे कायम, पर्यायी उपचारांकडे वळावे का आणि कसे?

रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एमआरआय, पुन्हा रक्ताच्या तपासण्या. फाइल जाड होत जाते आणि तिसऱ्या डॉक्टरांकडेही तेच वाक्य ऐकायला मिळते, ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, काळजीचे कारण नाही.’ कंबर मात्र दुखतेच आहे, पोट बिघडतेच आहे, थकवा जात नाही. मग नात्यातले कुणीतरी सांगते, ‘आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे. एकदा दाखवून तर बघा.’

या टप्प्यावर वैद्यांकडे किंवा होमिओपॅथकडे जाणाऱ्या माणसाला अडाणी ठरवणे सोपे असते. पण तो तिथे का जातो, तिथे त्याला नेमके काय मिळते आणि कोणता धोका तो नकळत पत्करतो, हे पाहिले तर ‘जावे की जाऊ नये’ यापेक्षा ‘कसे जावे’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ काय?

प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. हिमोग्लोबिन रक्तक्षयाबद्दल सांगते, टीएसएच थायरॉइडबद्दल, एमआरआय मणक्यांचे चित्र दाखवतो. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर रिपोर्टमध्ये येत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ म्हणजे ‘ज्या आजारांसाठी तपासले ते सापडले नाहीत’, एवढेच. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही.

कंबरदुखीचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे ९० टक्के प्रकरणांत दुखण्याच्या नेमक्या कारणावर बोट ठेवता येत नाही. याची उलट बाजूही आहे. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे चित्र स्वच्छ आणि दुखणे आहे, किंवा चित्रात झीज आणि दुखणे नाही, असे दोन्ही घडते.

आयबीएस म्हणजे आतड्यांचा जुनाट त्रास आणि फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखत राहणारा आजार, या दोन्हींना पकडणारी एकही रक्ततपासणी नाही. निदान लक्षणांवरूनच करावे लागते. एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही आणि अनेक स्त्रियांना त्याचे निदान होईपर्यंत काही वर्षे जातात. तोवर ‘पाळीत दुखतेच’ असे ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच.

लोक पर्यायी उपचारांकडे का वळतात?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात (जुलै २०२२ ते जून २०२३) ग्रामीण भागातल्या सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागातल्या सुमारे ५३ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात आयुष पद्धतींचा वापर केल्याचे दिसले. आजार बरा करण्यासाठी आणि टाळण्यासाठी केलेला असा दोन्ही प्रकारचा वापर यात येतो. शहरातले प्रमाण गावापेक्षा जास्त आहे. ‘डॉक्टर मिळत नाही म्हणून लोक काढ्याकडे जातात’ हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

खरे कारण ओपीडीच्या रांगेत सापडते. देशोदेशीच्या प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांनी रुग्णाला दिलेल्या वेळेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तो वेळ सरासरी दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत रिपोर्ट बघून होतो, माणूस ऐकून होत नाही. वैद्य किंवा होमिओपॅथ मात्र झोप कशी लागते, भूक कधी लागते, घरात ताण आहे का, असे अर्धा तास विचारतात. शेवटी दुखण्याला नाव देतात. ते नाव बरोबर असो वा नसो, ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ यापेक्षा ते रुग्णाला कितीतरी बरे वाटते.

मग गुण येतो तो औषधाचा की आणखी कशाचा?

मराठीत ‘औषधावाचून खोकला गेला’ अशी म्हण आहे. जुनाट दुखणी एकसारखी राहत नाहीत, त्यांना चढउतार असतात. माणूस नवा उपाय शोधतो तो बहुधा त्रास सर्वात वाढलेला असताना. त्यानंतर काहीही केले तरी उतार येण्याची शक्यता मोठी असते. तो उतार ज्या पुडीच्या वेळी आला, तिला श्रेय मिळते.

दुसरे कारण ऐकून घेण्याचे. आयबीएसच्या २६२ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसते प्रतीक्षा यादीत ठेवले. दुसऱ्याला खोटे अॅक्युपंक्चर दिले, पण बोलणे जेवढ्यास तेवढे. तिसऱ्याला तेच खोटे अॅक्युपंक्चर, सोबत निवांत, आपुलकीची चौकशी. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटतो असे सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के होते, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२. उपचार खोटाच होता, फरक पडला तो माणसाला दिलेल्या वेळेने.

हा आराम खोटा नाही. पण त्यावरून पुडीतल्या औषधाला प्रमाणपत्र देता येत नाही. आणि वेळ देण्याचे काम एमबीबीएस डॉक्टरही करू शकतात.

या औषधांची तपासणी झालीच नाही का?

झाली आहे आणि निकाल संमिश्र आहेत. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाने त्याची दखल घेतली. गुडघ्याच्या संधिवातावर पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आयुर्वेदिक औषधे सेलेकॉक्सिब या प्रचलित वेदनाशामकाच्या तोडीची ठरली. पण त्याच चाचणीत आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताचे एक एन्झाइम, एसजीपीटी, वाढले. सात जणांचे औषध थांबवावे लागले आणि त्यानंतर ते पूर्ववत झाले. नियमित रक्ततपासणी होती म्हणून हे कळले.

होमिओपॅथीबाबत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचे संशोधन तपासले. एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रात होमिओपॅथीवर श्रद्धा असणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांना हे पटणार नाही, पण सांगितलेच पाहिजे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक?

नाही. बचनाग, धोतरा, बिब्बा, पारा, हरताळ हे पदार्थ सरकारच्याच औषध नियमांतल्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ते असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेतील तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधील यकृताच्या इजेची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि त्या वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, दिसायला सारखी दुसरी जात असू शकते, असे म्हटले. पण बाजारातून चूर्ण आणणारा ग्राहक तरी ती ओळख कशी पटवणार?

सर्वात मोठा धोका नाव नसलेल्या पुडीचा आहे. सांधेदुखीवर ‘तीन दिवसांत फरक’ देणाऱ्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वैद्यकक्षेत्राला नवे नाहीत. आराम झटपट पडतो, मग साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि औषध अचानक थांबवले तर जिवावर बेतू शकते.

‘उत्तर नाही’ आणि ‘उत्तर आवडले नाही’

या दोन परिस्थितींत आपण नेहमी गल्लत करतो. कंबर का दुखते ते कळत नाही, ही पहिली. इथे जपून प्रयोग करायला जागा आहे. कर्करोग, टाइप-१ मधुमेह, अपस्मार यांचे निदान झाले आहे, पण केमो, इन्सुलिन किंवा आयुष्यभराच्या गोळ्या नकोशा वाटतात, ही दुसरी. तिथे उत्तर मिळालेले असते. बरा होण्याजोगा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०१८ मध्ये आला. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता.

पहिल्या परिस्थितीतही काही लक्षणे दिसली तर आधी डॉक्टरांकडेच परत जायला हवे. कारण नसताना वजन घटणे, शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप, पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही ती लक्षणे.

वळायचेच असेल तर कसे?

कुठलेही यंत्र बिघडले की एका वेळी एकच बदल करून पाहायचा, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. शरीर यंत्र नाही, तरी हा नियम इथे उपयोगी पडतो.

• सुरुवातीला दोन आठवडे रोज त्रासाला ० ते १० मध्ये गुण द्या. मोबाइलच्या नोट्समध्येही चालेल. झोप किती झाली आणि कामावर जाता आले का, तेही लिहा.

• काढा, पंचकर्म, नवा आहार आणि योगासने एकाच सोमवारी सुरू करू नका. फरक पडला तरी कशाने ते कळणार नाही.

• ‘किती दिवसांत काय फरक दिसायला हवा?’ हे पहिल्याच भेटीत विचारा आणि तारीख लिहून ठेवा. त्या तारखेला फरक नसेल तर थांबा.

• ‘आधी त्रास वाढेल, मग कमी होईल’ असे सांगितले तर सावध व्हा. बरे वाटले तरी औषध लागू, बिघडले तरी लागू, असा दावा तपासताच येत नाही.

• औषधाचे नाव, घटक, उत्पादन परवाना आणि बॅच क्रमांक वेष्टनावर नसेल तर घेऊ नका.

• उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना अॅलोपॅथीची औषधे देण्याची मुभा मिळाली आणि तो वाद न्यायालयातही गेला. त्यामुळे ‘हे औषध कोणत्या पॅथीचे?’ हेही विचारा.

• रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट यांची चालू औषधे स्वतःहून किंवा वैद्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका.

• पोटात घेण्याचे औषध काही आठवड्यांहून जास्त चालणार असेल तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या आधी आणि मध्ये करून घ्या. गरोदरपणात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना किंवा शस्त्रक्रियेआधी नियमित डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका.

डॉक्टरांनी आणि सरकारने काय करावे?

रुग्ण काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवतो, कारण सांगितले की बोलणी बसतात. मग यकृत बिघडल्यावर कारण शोधण्यात दिवस जातात. ‘आणखी काय काय घेता?’ हा प्रश्न न रागावता विचारणे केसपेपरचा भाग व्हायला हवे. आकर्षक जाहिरातींवर बोट ठेवणारा चमत्कारी उपचारविरोधी कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात त्यानुसार गुन्हा ठरते, तरी मोबाइलवर दर तासाला तसे व्हिडीओ दिसतात. आयुषला प्रोत्साहन देणाऱ्या सरकारने सुट्या, बिननावाच्या पुड्यांवर कारवाई करायला हवी. प्रामाणिक वैद्यांची प्रतिष्ठाही त्यातूनच राखली जाईल.

आणि एक सुधारणा तर बिनखर्चाची आहे. ‘सगळे नॉर्मल आहे’ म्हणून फाइल मिटण्याऐवजी डॉक्टरांनी म्हणावे, ‘दुखते हे खरे आहे. कारण अजून सापडलेले नाही. यातले गंभीर आजार नाहीत एवढे कळले आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा या, तोवर हे करून पाहू.’ हे बोलायला अर्धे मिनिट लागते. ते ऐकलेला रुग्ण वैद्यांकडे गेला, तरी डॉक्टरांना सांगून जाईल.