बिलातला खेळ

विजेचे बिल घरात आले की पहिल्यांदा आकडा पाहिला जातो आणि लगोलग गुन्हेगार शोधला जातो. हा गुन्हेगार बहुधा आधीच ठरलेला असतो. चाळीस वर्षांपूर्वी तो नव्या सुनेचा मिक्सर होता. मग धाकट्या मुलीची इस्त्री झाली, भाडेकरूच्या खोलीतला शंभराचा दिवा झाला, रात्री जागून अभ्यास करणाऱ्या पोराचा टेबललॅम्प झाला. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आंघोळीचे गरम पाणी मात्र या यादीत कधी आलेले मी पाहिले नाही. बिलाचा राग उताराच्या पाण्यासारखा असतो. तो घरातल्या सर्वांत खालच्या जागेकडे वाहत जातो. आज ती जागा गेमिंग कॉम्प्युटरची आहे.

राजूरसारख्या गावातही आता हे यंत्र आले आहे. मुंबई-पुण्याच्या घरांत त्याचे अप्रूप राहिलेले नाही, पण अकोले तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावात, जिथे पेढ्यांची दुकाने आणि डांगी जनावरांचे प्रदर्शन ही आजवरची ओळख, तिथे एखाद्या खोलीतून लाल-निळे दिवे लुकलुकणारी काचेची पेटी दिसली की चर्चा होणारच. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या नातवाने अशी पेटी जोडून घेतली. सुटे भाग मागवले, सुट्टीत काम करून त्यातले काही पैसे स्वतः उभे केले. पुढच्याच महिन्यात बिल वाढून आले आणि गुरुजींनी फर्मान काढले, "एक तर ते यंत्र विक, नाही तर बिल तू भर."

गुरुजी गणिताचे. त्यांनी पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर '७५० वॅट' असे वाचले होते. त्याला चोवीस तासांनी गुणले, मग तीस दिवसांनी गुणले आणि महिन्याला ५४० युनिट असे उत्तर काढले. गुणाकार अचूक होता. मांडणी मात्र चुकली होती. एसटीच्या गाडीत आसनसंख्या लिहिलेली असते, म्हणून पहाटेच्या मुक्कामी गाडीत तेवढी माणसे बसलेली असतात असे नाही. ७५० वॅट ही त्या डब्याची कमाल ताकद आहे. यंत्र जेवढे मागेल तेवढेच तो देतो. शिवाय गुरुजींच्या घरचे सगळे बिलच मुळी १२५ युनिटांचे होते. त्यात ५४० युनिट खाणारा प्राणी लपणार कुठे?

बँकेत अधिकारी म्हणून काम केलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी कितीही तावातावाने बोलले तरी तो म्हणतो, आधी खतावणी दाखवा. भिंतीतला प्लग आणि यंत्राची पिन यांच्यामध्ये बसणारा छोटा मीटर बाजारात सहज मिळतो. तो आणवला आणि नातवाला म्हटले, आठवडाभर लिहून ठेव. त्याने ते काटेकोरपणे केले. "आजोबा, रोजमेळच लिहिलाय," असे म्हणत वही माझ्यापुढे ठेवली.

आकडे असे होते. पडद्यासकट सारे यंत्र खेळ चालू असताना ३१० वॅटच्या आसपास वीज घेत होते. नुसते चालू ठेवले, कोणी काही करत नसले, तर ७० वॅट. झोपवून ठेवले तर सुमारे ३ वॅट. पोरगा दिवसाला तीन तास खेळत होता, पण त्याखेरीज जेवायला जाताना, मित्राशी गप्पा मारताना, दुकानात जाताना मिळून पाच तास यंत्र तसेच उघडे राहत होते. खेळाचे ९३० वॅट-तास, रिकाम्या चालण्याचे ३५० आणि झोपेचे पन्नासेक. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीडच्या दरम्यान, महिन्याला चाळीस युनिट. पूर्वी बिल ८५ युनिटांचे होते, ते १२५ झाले. वही आणि बिल जुळले. बँकेच्या भाषेत, ताळा बसला.

चाळीस युनिट जास्त की कमी?

हा प्रश्न एकट्याने विचारून उपयोग नाही. शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा. असे दोन पंखे उन्हाळ्यात रोज दहा तास फिरले तर दीड युनिट जाते, म्हणजे नातवाच्या यंत्रापेक्षा जास्त. तेच पंखे नव्या, तीस वॅटच्या आसपास चालणाऱ्या बीएलडीसी जातीचे बसवले तर महिन्याला सत्तावीस युनिट वाचतात. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट संपले. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र भर उन्हाळ्यात तासाला एक युनिट सहज घेते. या रांगेत गेमिंग कॉम्प्युटर उभा केला तर तो राक्षस ठरत नाही, पण साधूही ठरत नाही. नऊ वॅटचे पस्तीस दिवे एकदम लावून तीन तास बसावे, तसा तो खेळ आहे.

एवढी वीज लागते कशाला, असे गुरुजींनी विचारले. प्रश्न रास्त होता. सिनेमा आधीच तयार असतो, यंत्राने तो फक्त दाखवायचा असतो. खेळातले चित्र मात्र आधी अस्तित्वातच नसते. पोराने कळ दाबली, मान वळवली, की त्या क्षणीचे दृश्य नव्याने रंगवावे लागते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे म्हटली तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. हे काम ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग करतो आणि बिलातला मोठा वाटा त्याचाच. या कार्डांची भूकही कशी वाढली पाहा. एनव्हिडिया कंपनीचे २०१६ चे जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचे होते. २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे आणि २०२५ चे आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटचे. पण त्याच कंपनीचे २०२३ चे मध्यम कार्ड, आरटीएक्स ४०६०, अवघ्या ११५ वॅटवर चालते. म्हणजे 'गेमिंग कॉम्प्युटर' या एकाच नावाखाली बैलगाडीपासून मालट्रकपर्यंत सारे येते. सर्वांत महागडे कार्ड घेऊन रोज सहा तास खेळणाऱ्याचे यंत्र एकटेच महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट खाईल, म्हणजे गुरुजींच्या अख्ख्या घराहून जास्त. तेव्हा पालकांनी काळजी करू नये असे मी म्हणत नाही. कशाची करावी ते मोजून ठरवावे, एवढेच म्हणतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. शंभराच्या पुढे एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे कितीतरी सुशिक्षित घरांत मानले जाते. तसे नसते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना खालचाच दर राहतो, वरच्यांना तेवढा वरचा लागतो. मात्र हा वरचा दर खालच्याच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे शेवटची पंचवीस युनिटे डोळ्यांत भरतात. गुरुजींच्या घरी ती पंचवीस युनिटे नातवाच्या खात्यावर टाकली गेली. पण शेवटची युनिटे कोणाची, हे ठरवणार कोण? फ्रिजची का नाहीत? पंख्याची का नाहीत? जो घरात शेवटी आला, त्याच्या माथी शेवटची युनिटे, हा हिशोब नव्हे. हा वडीलकीचा हक्क आहे.

पाण्याच्या भाषेत

राजूरच्या माणसाला वीज समजावून सांगायची तर पाण्याच्या भाषेत सांगावी. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला गेले. पुढे घाटघरला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, आणखी एक नवलाचा प्रकल्प झाला आणि २००८ मध्ये सुरू झाला. वर घाटघरचा जलाशय, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याचा जलाशय, मधल्या डोंगराच्या पोटात वीजघर. मागणी वाढली की पाणी खाली सोडायचे आणि २५० मेगावॅट वीज करायची. मागणी ओसरली की बाहेरची वीज घेऊन तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. या चढउतारात तूट येते. अशा प्रकल्पांत साधारण चार युनिट खर्चावीत तेव्हा तीन परत मिळतात. तरी हा व्यवहार परवडतो, कारण संध्याकाळचे युनिट दुपारच्या युनिटापेक्षा दुर्मीळ असते.

आता शाळेतले गणित करू. दोन जलाशयांच्या पातळीत चारशे मीटरच्या वर अंतर आहे. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून एक युनिट वीज करायला ढोबळमानाने हजार लिटर पाणी लागते. हजार लिटर म्हणजे गच्चीवर ठेवतात ती काळी टाकी. नातवाचा तीन तासांचा खेळ म्हणजे जवळजवळ एक टाकी पाणी कड्यावरून कोकणात ओतणे. रिकामे चालू ठेवलेले यंत्र म्हणजे त्याच टाकीचा तिसरा हिस्सा कोणाच्याही उपयोगी न पडता वाहू देणे. हे सांगितले तेव्हा पोरगा गप्प झाला. वॅट हा शब्द त्याला पाठ होता, पण टाकी त्याने डोक्यावरच्या हंड्यांनी भरलेली पाहिली होती.

माझा मुद्दा हा की खेळ आणि नासाडी या दोन वेगळ्या रकमा आहेत आणि त्या वेगळ्याच लिहिल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कॉम्प्युटरसाठी वीजवापराचे नियम केले. त्यांचा कडक टप्पा २०२१ च्या जुलैत लागू झाला, तेव्हा डेल कंपनीने आपले काही गेमिंग कॉम्प्युटर कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत पाठवणे थांबवले. खेळावर बंदी आली, अशी ओरड झाली. प्रत्यक्षात त्या नियमांचा रोख खेळताना लागणाऱ्या विजेवर नव्हताच; यंत्र रिकामे, झोपलेले किंवा बंद असताना किती वीज खाते यावर होता. मला हा विचार शहाणपणाचा वाटतो. पोराला खेळू द्या, पण जेवायला उठताना यंत्र झोपवायला लावा.

नातवाने दोन गोष्टी केल्या. खेळ नसेल तेव्हा यंत्र झोपवायला सुरुवात केली आणि सेकंदाला येतील तितकी चित्रे येऊ देण्याऐवजी साठाची मर्यादा घातली. ३१० वॅटचा आकडा २२० वर आला. तीन तासांचा खेळ तसाच राहिला आणि महिन्याचा खर्च चाळीसवरून बावीस युनिटांवर उतरला. खेळाची मजा कमी झाली का, असे विचारले तर म्हणाला, "उलट पंख्याचा आवाज कमी झाला." ते खरेच असणार. यंत्रात शिरलेली सारी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरते. राजूरच्या थंडीत ती ऊब वाटते. मुंबईतल्या बंद खोलीत तीच उष्णता बाहेर फेकायला वातानुकूलन यंत्राला पुन्हा वीज मोजावी लागते.

वेळेचाही विचार करावा. रात्री सात ते अकरा ही सगळ्यांची खेळाची वेळ आणि तीच साऱ्या राज्याच्या मागणीची वेळ. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते; म्हणूनच ज्यांच्याकडे वेळेनुसार नोंद घेणारे नवे मीटर आहेत त्या घरगुती ग्राहकांना महावितरणने २०२५ पासून दिवसाच्या वापरावर सवलत दिली आहे. सुट्टीच्या दिवशी खेळ दुपारी उरकला तर काही बिघडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती घराबाहेर पडणाऱ्या पोरांची. राजूर, अकोल्याची मुले शिकायला संगमनेरला, नाशिकला, पुण्याला जातात, भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे 'कॉम्प्युटर आहे ना, मग महिन्याला इतके जास्त' असे सांगणारे घरमालक भेटतात. तो आकडा कुठून आला, हे विचारायची त्यांची छाती होत नाही. अशा पोराच्या हातात आठवड्याची वही असेल तर तो हात जोडून, पण मान वर करून बोलू शकतो. मोजमाप ही दुबळ्याची ढाल असते. खेडेगावातल्या कर्जदाराला आपल्या पासबुकातला व्याजाचा आकडा वाचता येऊ लागला की त्याच्या बोलण्यात जो फरक पडतो, तो मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे.

कोणी म्हणेल, काहीही झाले तरी खेळच तो! त्यासाठी वीज घालवायचीच कशाला? पण जत्रेला, कुस्तीच्या फडाला, क्रिकेटच्या सामन्यासाठी रात्रभर चालणाऱ्या टीव्हीला आपण खर्च करतोच. खेळ हे घरखर्चातले रास्त कलम आहे. त्याची मर्यादा घालायची असेल तर अभ्यासासाठी घाला, डोळ्यांसाठी घाला, झोपेसाठी घाला आणि तसे पोराला स्पष्ट सांगा. 'तू फार वेळ खेळतोस' हे म्हणायचे असते आणि आपण 'बिल फार येते' असे म्हणतो. त्यातून बिलही उतरत नाही आणि बोलणेही होत नाही.

गुरुजींनी शेवटी त्या वहीत आणखी रकाने आखले: पंखे, फ्रिज, मोटर आणि स्वतःच्या आंघोळीचा हीटर. पहिल्या आठवड्याची बेरीज झाल्यावर ते बराच वेळ हीटरच्या रकान्याकडे पाहत होते. फर्मानाचा विषय नंतर निघाला नाही.