जागतिक नागरिक आणि शेवटची एस.टी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात 'जागतिक नागरिकत्व' या विषयावर व्याख्यान झालं. फळ्यावर पृथ्वीचा गोल, भोवती हातात हात धरलेली मुलं. सर बोलले छान. जग एक कुटुंब झालंय, सीमा गळून पडल्यात, तुम्ही साऱ्या विश्वाच्या नागरिक आहात! साडेचार झाले तशा मागच्या तीन बाकांवरच्या मुली उठल्या. त्यांच्या गावाची शेवटची एस.टी. पावणेपाचची. सर माइकवरूनच म्हणाले, "मुलींना गांभीर्यच नाही." २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, चांगलंच झालं. पण जी गाडी सुटतच नाही तिचं अर्धं तिकीट घेऊन करायचं काय?

विषयाशी माझं भांडण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो नाव घेऊन आलाय, त्याआधी २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या उद्दिष्टांतही होता. शिकवावाच. पण शिकवतात काय? कचरा करू नका, परक्या संस्कृतीचा मान राखा, इंग्रजी सुधारा म्हणजे बाहेर नोकरी मिळेल. म्हणजे नागरिकशास्त्र नव्हे, पाहुण्यांसमोर कसं वागावं याचे धडे. ते तर आम्हाला पाळण्यापासून मिळतात!

जगाचं नागरिक होणं म्हणजे काय, ते या किनाऱ्याला फळ्यावरून शिकावं लागलेलं नाही. १९९१ साली केंद्र सरकारनं खोल समुद्रातल्या मासेमारीचं नवं धोरण आणलं आणि परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या जहाजांना आपला समुद्र मोकळा केला. देशभरचे मच्छीमार उठले. १९९४ मध्ये देशव्यापी संप झाला. होड्या किनाऱ्याला, बाजार बंद. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि समितीनं हे परवाने रद्द करा असंच सांगितलं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत अनेक देशांचे मच्छीमार एकत्र आले, त्यांनी आपला जागतिक मंच उभारला. २१ नोव्हेंबर हा जागतिक मच्छीमार दिन तिथूनच आला. आता सांगा, कोळी-गाबितांच्या घरात जन्मलेल्या मुलीला हा इतिहास कॉलेजात का भेटत नाही? आणि भेटला तरी त्यात बाई कुठे असते? होडी गेली नाही की पाटी रिकामी, पाटी रिकामी की चूल थंड. संपाचे ते दिवस उधारीवर कुणी निभावले, हे कुठल्याही ठरावात लिहिलेलं नाही.

नागरिकत्वाचंच बोलायचं तर कायदाही वाचून दाखवा ना. भारतीय बाईला परदेशात मूल झालं तर तिच्या नात्यानं त्याला वंशपरंपरेचं भारतीय नागरिकत्व १९९२ पर्यंत मिळत नव्हतं. बापाच्या नात्यानं मिळे. कायदा बदलला तेव्हा प्रजासत्ताक चाळिशी ओलांडून गेलं होतं. आजही दहावी न झालेल्या बाईला आखाती देशांत नोकरीला जायचं तर वय तीस पूर्ण लागतं. पुरुषाला ही अट नाही. कारण काय, तर तिथे बायकांना फसवतात, छळतात. छळतात हे खरंच. मग फसवणारा दलाल अडवायचा की बाई?

२०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बायका निघाल्या. याचं फार कौतुक होतं. पण त्यात मुंबईला, बोटीवर, आखातात गेलेले पुरुषही आहेत, हे कुणी बोलत नाही. गेलेल्याला जग दिसलं. मागे राहिलेली शेत, गुरं, सासू-सासरे आणि मुलांच्या फिया सांभाळत राहिली. जगाशी तिचा संबंध मनीऑर्डरीपुरता.

व्याख्यानानंतर मी मासळी बाजारात गेले. ओळखीच्या बाईची भाची त्याच कॉलेजात आहे. सगळं ऐकून ती हसली. "जागतिक काय ता ऱ्हवांदे. बांगडो खय गेलो, ता त्येंका ठावक आसा?"

विषय असा शिकवायचा! बांगडा गेला कुठे? पर्ससीनच्या जाळ्यांवर राज्य सरकारनं २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी किनाऱ्यावरच्या तक्रारी थांबत का नाहीत? पकडलेला मासा कुणाच्या ताटात जातो, भाव कोण ठरवतो? तौक्ते वादळानं २०२१ च्या मे महिन्यात किनारा झोडपला. पंचनाम्यात होडी मोजली, जाळी मोजली. जिच्याकडे फक्त पाटी आहे तिचं नुकसान कुठल्या रकान्यात भरायचं? समुद्र तापतोय तो कुणाच्या धुरानं? या एकेका प्रश्नातून मुलगी मालवणच्या बंदरावरून थेट जिनीव्हापर्यंत जाईल.

पुस्तकही तयार आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१४ साली छोट्या मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मासा विकणं, सुकवणं हेही मासेमारीतलंच काम, असं त्यात मानलंय आणि स्त्री-पुरुष समानतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं सोप्या मराठीत वाचन ठेवा. शिकवायला मासळी विकणाऱ्या दोघी-तिघींना बोलवा आणि पाहुण्या प्राध्यापकांना देता तेवढंच मानधन त्यांना द्या.

हे सगळं मी कॉलेजला लिहून दिलं. उत्तर आलं, की सूचना विचारार्थ ठेवली आहे. सोबत पुढच्या व्याख्यानाचं निमंत्रण होतं. वेळ, दुपारी चार.