अर्जासोबतचें पत्र

परीक्षांचे निकाल लागले, कीं घरोघर नोकरीच्या अर्जांची घाई सुरू होते. हल्लीं अर्ज टपालाऐवजीं ई-मेलनें जातो व शिक्षणाचा तपशील निराळ्या कागदावर असतो. तरी सोबतचें पत्र लिहितांना जुनीच अडचण उभी राहते. काका म्हणतात, घराण्याचा उल्लेख कर. थोरले बंधु म्हणतात, भाषा भारदस्त असूं दे. आणि ज्याला नोकरी हवी तो बिचारा कोणाच्या तरी पत्राची नक्कल उतरून मोकळा होतो! अशा वेळीं एक खराखुरा अर्ज पाहणें बोधप्रद होईल.

9 फेब्रुवारी 1912 रोजीं मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांकडे कारकुनाच्या जागेसाठीं एका 24 वर्षांच्या तरुणानें अर्ज केला. हे तरुण म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन्. गणितावांचून इतर विषयांकडे लक्ष नसल्यामुळें एफ्. ए. च्या परीक्षेंत ते पुनःपुन्हा नापास झालेले, लग्न झालेलें, कायमची नोकरी नाहीं. अर्जांत त्यांनीं लिहिलें तें इतकेंच : आपल्या कचेरींत कारकुनाची जागा रिकामी असल्याचें कळलें, तिच्यासाठीं हा अर्ज आहे; मॅट्रिक झालों असून एफ्. ए. पर्यंत शिकलों; प्रतिकूल परिस्थितीमुळें पुढील शिक्षण थांबलें; तेव्हांपासून सर्व वेळ गणिताला दिला आहे; नेमणूक झाल्यास काम नीट करीन असा भरंवसा आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचें शिफारसपत्र होतें. 1 मार्च रोजीं ते दरमहा 30 रुपयांवर रुजू झाले.

या चार ओळींत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. कोणती जागा हवी तें पहिल्याच वाक्यांत आहे. उणीव लपविलेली नाहीं, तिचें रडगाणेंहि नाहीं. एका वाक्यांत ती सांगून लगेच त्या काळांत काय केलें तें सांगितलें आहे. आणि स्तुति स्वतःच्या तोंडची नसून जाणत्या माणसाची आहे.

पुढें 16 जानेवारी 1913 रोजीं त्यांनींच केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलें. त्यांतहि आपली कारकुनी, तुटपुंजा पगार व विद्यापीठाचें शिक्षण नसणें हें आरंभींच सांगून टाकलें. परंतु येथें मात्र शंभराहून अधिक सिद्धांत सोबत धाडले. हिशेबनिसांना सिद्धांतांचें प्रयोजन नव्हतें. हार्डींना दुसऱ्या कशाचेंच नव्हतें. लिहिणारा तोच, पण वाचणारा बदलला म्हणून मजकूर बदलला. एकच पत्र दहा ठिकाणीं पाठविणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें.

आपल्या घरांतहि कोणाचें एखादें वर्ष वायां गेलेलें असतें; एखाद्या सुनेनें सासूबाईंच्या दुखण्यापायीं चार वर्षें नोकरी सोडलेली असते. वडीलधाऱ्यांना वाटतें, हें झांकावें. पण सोबतच्या कागदावरील सालें तें बोलून दाखवितातच, आणि वाचणारा मग भलतेंच कारण कल्पितो. त्यापेक्षां, ‘घरांतील आजारपणामुळें चार वर्षें नोकरी सोडावी लागली, त्या अवधींत सोसायटीचे हिशेब मी सांभाळले,’ असें खरें असेल तें दोन वाक्यांत लिहावें. त्यांत कमीपणा तो कसला? उलट जबाबदारी पेलल्याचा तो दाखलाच होय.

पत्र अर्ध्या पानापलीकडे जाऊं देऊं नये. कचेरीचें व अधिकाऱ्यांचें नांव पुनः ताडून पाहावें. पाठविण्यापूर्वीं तें घरांत एकदां मोठ्यानें वाचावें; वडिलांनीं शुद्धलेखन जरूर सुधारावें, परंतु वाक्यें मात्र जिचीं तिचींच राहूं द्यावींत. हल्लीं पत्र लिहून देणारीं यंत्रेंहि हाताशीं आलीं आहेत; त्यांची मदत घेतांनाहि हाच नियम पाळावा. कारण मुलाखतीच्या वेळीं काका, थोरले बंधु किंवा यंत्र यांपैकीं कोणीहि शेजारीं नसतें; पत्रांतील प्रत्येक शब्दाचा जाब तिला एकटीलाच द्यावयाचा असतो.