शहाण्यांचा गुन्हा

दिवाळीत हा विषय काढल्याबद्दल मी माफी मागणार नाही. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण कादंबऱ्या लिहितो, म्हणून एका विद्यापीठाने 'मनोविकार आणि गुन्हेगारी' या अभ्यासक्रमाचे दोन तास घ्यायला बोलावले. टिपण चाळले. पहिलाच धडा रामन राघवचा! १९६८ साली मुंबईत पकडलेला, फाशीची शिक्षा झालेला. आजार बरा होणारा नाही म्हणून १९८७ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. मुले थरारतात हे खरे; पण शिकतात काय? वेडा म्हणजे खुनी!

आणि ज्यांनी कसलाच गुन्हा केला नाही, ते? असे मनोरुग्ण पश्चिम बंगालच्या तुरुंगांत डांबलेले होते. शीला बारसे यांनी दाद मागितली, तेव्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कैद बेकायदा ठरवली. इथे गुन्हेगार कोण हो? टिपणात याची एक ओळ नाही.

प्राध्यापक म्हणाले, "मास्तर, त्यात कथानक नाही."

मी गप्प बसलो. माझ्याच पहिल्या कादंबरीत शेवट सुचेना, तेव्हा खून एका वेड्याच्या माथी मारून मी मोकळा झालो होतो. आणि वाचकहो, तुम्ही तो आवडीने वाचलात!

दुसऱ्या तासाला ते पुस्तक घेऊनच वर्गात गेलो.