उंदीर वाचला, म्हणून?

डहाणू तालुक्यातील सायवनसारख्या गावांत रानातला पाला आजही औषध म्हणून विश्वासाने घेतला जातो. त्या विश्वासाची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ‘प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मधुमेहाचे औषध’ म्हणून कोणी पुडी पुढे केली, तर नेमके काय सिद्ध झाले, हे विचारलेच पाहिजे.

प्रयोगात उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. ते स्वादुपिंडातील, इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींत शिरून त्यांचा डीएनए तोडते. दुरुस्तीच्या खर्चात पेशीची गंगाजळी आटते आणि तिचे दिवाळे निघते. आधी निकोटिनामाइड दिले, तर पुष्कळ पेशी वाचतात. हीच आशा धरून युरोप-अमेरिकेत माणसांवर मोठी चाचणी झाली. २००४ साली निकाल लागला : पहिल्या प्रकारचा मधुमेह टळला नाही. या आजारात पेशी टोचलेल्या विषाने नव्हे, तर शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने मरतात.

पाल्यावर संशोधन जरूर व्हावे. मात्र अशा मुलाचे इन्शुलिन पुडीच्या भरवशावर थांबवले, तर ते काही दिवसांतच दगावू शकते. पुडी विकणारा मात्र पुढच्या बाजाराला हजर असतो.