गाडी का थांबली?

रात्रीच्या गाडीत माणूस गाडी पळत असताना गाढ झोपतो आणि ती थांबली की जागा होतो. काचेला कपाळ लावून बाहेरच्या अंधाराकडे बघतो. स्टेशन दिसत नाही. मग शेजाऱ्याला विचारतो, "का हो थांबली?" शेजाऱ्याला ठाऊक नसतं, तरी तो उत्तर देतो. 'माहीत नाही' म्हणणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. असं एक उत्तर मीही एकदा दिलं होतं.

तीस-एक वर्षांपूर्वीचा जुलै. बँकेच्या कामासाठी मुंबईहून रात्रीच्या गाडीने मिरजेला निघालो होतो. कर्जतला मागे जादा इंजिनं लागली आणि बोरघाट सुरू झाला. 1863 साली खुला झालेला हा लोहमार्ग. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, अशी त्याची चढण. घाटात एके ठिकाणी गाडी थांबली ती थांबलीच. पुढे दरड आली आहे एवढं मध्यरात्रीनंतर कळलं. किती वेळ लागेल हे सांगायला कोणी आलं नाही. मोबाइल तेव्हा नव्हते. आम्ही चार-पाच पुरुष दारात उभे राहून रेल्वेच्या कारभाराचा पंचनामा करत होतो.

सकाळी सातच्या सुमारास समोरच्या बाकावरच्या मावशींनी मला विचारलं, "साहेब, कधी सुटेल हो?" रात्रीपासून साहेबी थाटात बोलत होतो, त्याच थाटात सांगून टाकलं, "अर्ध्या तासात सुटते बघा. लोणावळ्याला चहा घेऊ." त्या निर्धास्त झाल्या. पिशवीतून छोटा थर्मास काढला, आडोसा करून इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. डबा रात्रीच संपला होता. लोणावळ्याला काहीतरी खाऊ, असा त्यांचा हिशोब.

गाडी नऊ वाजले तरी जागची हलली नाही. आमचा पंचनामा चालूच होता. मावशींच्या कपाळावर घाम आला आहे, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतं आहे, हे पाहिलं वरच्या बर्थवरच्या एका कॉलेजच्या मुलीने. "यांना साखर द्या कुणीतरी!" ती ओरडली. पलीकडच्या कुटुंबाकडे लहान मुलासाठी आणलेली ग्लुकोजची पुडी निघाली. मुलीने ती पाण्यात कालवून घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी मावशींनी नीट डोळे उघडले आणि मलाच विचारलं, "सुटली का हो गाडी?" मला मान वर करता आली नाही.

त्यांनी मला धीर मागितला नव्हता, माहिती मागितली होती. मी धीर दिला आणि तो माहिती म्हणून दिला. 'मावशी, मला काही कल्पना नाही' एवढं खरं बोललो असतो, तर त्यांनी आधी खायला शोधलं असतं. बँकेतही मी वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. रोकड यायला उशीर झाला की "आत्ता येतेय, बसा." त्या प्रवासानंतर मात्र फळ्यावर लिहायला लागलो : 'रोकड निघालेली नाही. बारापूर्वी येणार नाही.' लोक कुरकुरले, पण घरची कामं उरकून बाराला परत आले. उशीर माणूस सोसतो. त्याला कठीण जातं ते त्या उशिराचा हिशोब मांडता न येणं.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, 139 हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे. तरीही 'आत्ता सुटेल' म्हणणारे प्रत्येक डब्यात असतात आणि ते ऐकून रुळांवर उतरणारेही. 26 जुलै 2019च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे 1050 प्रवासी होते, त्यांत गरोदर बायाही होत्या. खाली उतरू नका, असं रेल्वेने प्रवाशांना बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफचे जवान, नौदल आणि आसपासचे गावकरी यांच्या मदतीने सगळे सुखरूप बाहेर आले. त्या पाण्यात 'चला, चालत जाऊ' असा एखादा फुकटचा सल्ला केवढ्याला पडला असता!

म्हणून रात्रीच्या प्रवासाला निघताना एक दिवसाचं जादा औषध, कोरडा खाऊ आणि पाणी हाताशी ठेवावं. गाडी आपल्या स्टेशनवर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि जायचंच नसेल, तर ती सुटण्यापूर्वी रीतसर अर्ज केल्यास पूर्ण भाडं परत मिळतं. हेही ठाऊक असावं. आणि गाडी मध्येच थांबली, तर रेल्वेला शिव्या देण्याआधी समोरच्या बाकावर एकदा विचारावं, "काही खाल्लंत का?"

मी अजूनही रात्रीच्या गाडीने जातो. गाडी थांबते. कुणीतरी विचारतं, "का हो थांबली?"

"माहीत नाही," मी म्हणतो, "पण माझ्याकडे बिस्किटं आहेत."