पेडलांच्या आधीचा डबा

गणपती जवळ आले की कुरुंदवाडच्या वादक पोरांची चौकशी सुरू होते. कोरसचं पेडल घेऊ की डिलेचं? की सगळं एकात असलेला प्रोसेसर? यंदाही विचारणारे बरेच आहेत. माझं उत्तर ठरलेलं असतं आणि ते सहसा कुणाला आवडत नाही: आधी सांग, गिटारमध्ये बॅटरी आहे का?

दुकानात जिला सरसकट ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणतात, त्या गिटारीच्या घोडीत तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, बहुधा पिझो पिकअप असतो. हा हवेतला आवाज ऐकत नाही, तारांचा दाब ऐकतो. १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार काढणाऱ्या चार्ल्स कमान यांचा मूळ धंदा हेलिकॉप्टरचा. कंपनं आवरण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या कंपनीने सॅडलखालचा पिझो स्टेजवर रुजवला, याची मला अजून गंमत वाटते.

बॅटरी असेल तर गिटारीच्या पोटातच छोटा प्रीअँप असतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला तो सिग्नल झेपतो. नसेल तर खरी पंचाईत. पिझो पट्टी विजेच्या हिशेबाने कपॅसिटरसारखी वागते. ती एक नॅनोफॅरडची धरू. मिक्सरच्या दहा किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडली, तर साधारण १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. म्हणजे गिटार जवळजवळ गेलीच, उरते ती पत्र्यासारखी टणटण. इनपुट एक मेगाओहमचं असेल तर ही सीमा १६० हर्ट्झवर येते. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, तेव्हा ती अजूनही उपाशीच. दहा मेगाओहमवर सीमा १६ हर्ट्झला जाते आणि गिटार पुरती ऐकू येते. इलेक्ट्रिक गिटारसाठी बनवलेली बहुतेक पेडलं एक मेगाओहमच्या आसपास थांबतात. म्हणून बॅटरी नसलेल्या गिटारीला आधी कोरस लावलात तर बारीक झालेल्या आवाजाचाच कोरस होतो. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय किंवा रेडियलचे पिझोसाठीचे डबे, म्हणजे पेडलांच्या आधी लावायचे बाहेरचे प्रीअँप, दहा मेगाओहमचे असतात, ते याच कारणाने.

आता मंडपात या. कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला नवल वाटतं ते याचं, की एवढ्या मंडळांच्या स्टेजवर अर्थिंग नीट असलेलं एखादंच सापडतं. एकाच लाइनवर रोषणाई, त्याच लाइनवर मिक्सर, आणि गिटारची जॅक लावली की घुंईऽऽ सुरू. अशा वेळी या बाहेरच्या प्रीअँपवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण कुठल्याही डिलेपेक्षा जास्त कामाचं. फक्त ते सिग्नलच्या वायरीवरचं बटण आहे, विजेच्या अर्थिंगचं नाही. अँपच्या प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे ‘जाणकार’ भेटतात, त्यांना स्टेजजवळ फिरकू देऊ नये.

फीडबॅकचंही तसंच. माइक शिट्टी मारतो, गिटार घोंगावते. गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि पुढ्यातला मॉनिटर नेमका तोच सूर तिच्या तोंडात परत फेकतो. साउंडवाला मग अख्खा बेस कापतो आणि गिटार पुन्हा पत्र्याची होते. नॉच फिल्टर तेवढीच एक चिरी काढतो. घोंगावणं सुरू होईपर्यंत आवाज हळूहळू वाढवा, नॉचची चावी फिरवा, आवाज थांबला की हात थांबवा. फेजचं बटण उलटसुलट करून पाहा, ज्या बाजूला गिटार शांत ती बाजू खरी. आणि साउंडहोलवर रबरी झाकण बसवा. ते या सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सर्वांत वाईट, म्हणून कुणी बसवत नाही.

एखादीच तार मंद येत असेल तर मात्र पेडलच्या दुकानात जाऊच नका, कारागिराकडे जा. सॅडलचा तळ सपाट नसेल तर सहाही तारांचा दाब पिझो पट्टीवर सारखा पडत नाही, आणि ते कुठल्याही इक्वलायझरने सुधारत नाही. हे ओळखणारे हात शोधायला आपल्याला लांब जायला नको, मिरज इथून जवळच. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याच्या घोडीची जवारी कानाने ऐकत, केसाएवढं घासत लावणाऱ्या माणसाला गिटारीचं सॅडल सपाट करायला सांगणं म्हणजे त्याच्या कौशल्याचा अपमानच, पण तो चहा घेत करून देईल. गायक विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली जन्मले ते आपल्या कुरुंदवाडात, आणि गाणं शिकले मिरजेत. या पट्ट्यात कानाचं शिक्षण वायरीच्या आधीचं आहे.

एवढं झाल्यावर पेडलं. रिव्हर्ब एक असावा, पण जागा पाहून. दगडी सभामंडपात घुमारा आधीच इतका असतो की वरून घातलेला रिव्हर्ब शब्द गिळतो. उघड्या मैदानात घुमारा अजिबात नसतो, तिथे थोडा घाला. कंप्रेसरपासून जपून राहा. तो बारीक आवाज वर उचलतो आणि फीडबॅकला जवळ बोलावतो. कोरस एका गाण्यापुरता गोड, चौथ्या गाण्याला लोक उठून भेळ खायला जातात. हात आखडता असेल तर बॉसचं एडी-२ पुरेसं आहे: पिझोचा कोरडेपणा घालवणारी, थोडा घुमारा देणारी आणि नॉचची, अशा तीन चाव्या. मात्र ते गिटारीत बॅटरी असेल तरच, नाहीतर वरचं मेगाओहमचं गणित आठवा. एकट्याने मैफल करणाऱ्याने फिशमनचं ऑरा किंवा टोनडेक्स्टर जरूर ऐकावं. पहिलं माइकने टिपलेल्या गिटारींच्या नमुन्यांवरून पिझोला लाकडाचा आवाज देतं, दुसरं तुमच्याच गिटारीला माइक लावून ते शिकतं. पण शेजारी ढोल-ताशा आणि समोर डॉल्बीची भिंत असताना एवढी नजाकत ऐकणार कोण?

आणि बॅटरीवाल्यांनो, कार्यक्रम संपला की गिटारची जॅक काढा. बहुतेक गिटारींत जॅक घातली की प्रीअँप चालू होतो आणि घातलेली राहिली तर रात्रभर चालूच राहतो. मग दुसऱ्या दिवशी आरतीनंतरच्या कार्यक्रमात आवाज चिरका येतो आणि शिव्या साउंडवाल्याला पडतात. नऊ व्होल्टचा एक नवा सेल गिटारच्या पिशवीत ठेवा, रात्री दहाला स्पीकर बंद करायचे असताना दुकान शोधत फिरायला वेळ नसतो.